आपण म्हणजे कोण

मामीनं पायाखालचं पेडल टाचेनं दाबून आठ सेकंदं पुन्हा मागं नेली. हेडफोनमधून ऑफिसातल्या सरकारचा आवाज चौथ्यांदा आला. आधी रस्त्यावरची वर्दळ, मग एक लांबट हॉर्न, मग घसा खाकरणं आणि मग ते वाक्य:

"ऑफिस बंद असलं म्हणून काय झालं, आपण तिकीट काढलंय बरं का!"

तिनं ऐकलं तसं टाइप केलं. स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, सगळं जिथल्या तिथे. 'आपण' या शब्दापुढे तिनं कंस उघडला, बंद केला, आणि मध्ये काहीच लिहिलं नाही.

"झालं?" तिच्या खांद्यावरून वाकून बघत चौघांत वयानं लहान असलेल्या धाकटीनं विचारलं.

"वाक्य झालं," मामी म्हणाली. "माणूस राहिलाय."

सरकार खिडकीशी पाठमोरा उभा होता. त्यानं वळून बघितलं नाही, पण त्याची मान ताठ झाली ती मामी, धाकटी आणि पलीकडे बसलेले मास्तर, तिघांनाही दिसली.

या ऑफिसात चौघं जण दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकत बसत. विम्याच्या चौकश्या, संस्थांच्या सभा, कामगारांच्या तक्रारींच्या सुनावण्या, या सगळ्यांची रेकॉर्डिंग इथे येत आणि कागद होऊन परत जात. नियम एकच, बोललं तसं लिहायचं. साक्षीदार चुकीचं बोलला तर चुकीचं लिहायचं, शिवी दिली तर शिवी लिहायची. पण माणसं बोलताना समोरच्याला सगळं ठाऊकच आहे असं धरून चालतात. 'तो' आला, 'त्यानं' 'त्याला' ढकललं. हा तो कोण आणि तो तो कोण, हे कागद वाचणाऱ्याला कळावं म्हणून पुढे कंसात नाव घालावं लागतं. त्या कामात मामीचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका सुनावणीत पाच भाऊ एकदम भांडले होते, तरी कुठला 'तो' थोरला आणि कुठला मधला हे तिनं अचूक लावून दिलं होतं. म्हणून ती कंसमामी. तिचा मऊ स्वभाव बघता हे नाव म्हणजे शुद्ध अन्याय होता, पण चिकटलं ते चिकटलं.

सरकारनं मात्र त्याचं नाव स्वतःच ओढवून घेतलं होतं. पन्नाशी उलटलेला, अंगानं भरलेला हा गृहस्थ स्वतःला 'मी' म्हणायचाच नाही. "आपण चहात साखर घेत नाही." "आपल्याला ही खुर्ची नको." "आपण कोणाला घाबरत नाही." असं बोलणाऱ्याला सरकार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

तीन वर्षं झाली, दर शुक्रवारी चौघं सारखी वर्गणी काढत आणि सोमवारी कामावर येताना सरकार कोपऱ्यावरच्या दुकानातून लॉटरीचं तिकीट घेई. आजवर एकदाच काहीतरी लागलं होतं, ते चौघांच्या चहाला पुरलं आणि बिस्किटांना कमी पडलं. मग गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला, छतातून पाणी आलं आणि ऑफिस दहा दिवस बंद ठेवावं लागलं. शुक्रवारी कोणी भेटलं नाही, वर्गणी निघाली नाही. सोमवारी फोनवर, चौघांच्या ग्रुपमध्ये, सरकारचा हा आठ सेकंदांचा आवाज येऊन पडला. धाकटीनं अंगठा पाठवला, मास्तरांनी हात जोडले. मामीनं ऐकलं आणि ती घरच्या कामाला लागली.

बुधवारी त्या तिकिटाला कर वजा करून वीस लाख लागले.

"पाच-पाच लाख," धाकटी त्या दिवसापासून म्हणत होती. तिनं हा भागाकार तीनदा करून पाहिला होता.

"वर्गणी कोणी दिली होती?" आता खिडकीशी सरकार म्हणाला. "मी माझ्या पैशानं काढलं. माझ्या पायानं गेलो. रांगेत मी उभा होतो."

"माझे पैसे घ्या ना मग. आत्ता देते."

"निकाल लागल्यावर वर्गणी द्यायला फार तत्पर आहेस!"

"पण तुम्ही 'आपण' म्हणालात."

"आपण म्हणजे मी! सगळं ऑफिस मला त्यावरून हसतं. नाव ठेवलंत तुम्ही लोकांनी त्यावरून."

मास्तरांनी चष्मा काढला. ते पूर्वी शाळेत शिकवायचे आणि अजूनही बोलायच्या आधी फळा पुसल्यासारखा हात हलवायचे. "बोलणारा आणि ऐकणारा मिळून आपण. ऐकणाऱ्याला वगळायचं असलं की आम्ही. एकटा असला की मी. आपल्या भाषेनं ही सोय उगीच केलेली नाही. गंमत अशी की इथे क्रियापदानं हात वर केलेत. ते गेलंय तिकिटाच्या मागे. मी तिकीट काढलंय, आपण तिकीट काढलंय, साऱ्या गावानं तिकीट काढलंय. काढलंय ते काढलंयच. कोणी, हे ते सांगत नाही."

"सरकार," धाकटीनं विचारलं, "आपण म्हणजे मी, तर मग गेले तीन आठवडे तुम्ही मी-मी का करताय?"

"कारण आता आपण म्हटलं की तुम्ही हात पुढे करता!"

मामीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. तिच्याही लक्षात आलं होतं. निकाल लागल्यापासून सरकारच्या तोंडून 'आपण' हा शब्द एकदाही निघाला नव्हता. नवी चप्पल घातल्यासारखा तो 'मी' जपून, जरा अडखळत वापरायचा.

शेवटी तोडगा सरकारनंच काढला. मामी कंसात जे लिहील ते सगळ्यांनी मानायचं. तिकिटाच्या मागे दावा करणाऱ्यांच्या सह्या करून ते महिन्याच्या आत जमा करायचं होतं. म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ होता.

"मामींना पण पाच लाख मिळणार की," मास्तर म्हणाले. "पंच असा कसा चालेल?"

"मिळू देत. मामी खोटा कंस लिहिणार नाहीत," सरकार म्हणाला.

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मामीनं मात्र स्क्रीनवरच्या मोकळ्या कंसावरून नजर काढून घेतली.

तिला त्या पाच लाखांची गरज होती. दीड वर्षापासून तिचा डावा कान हळूहळू मिटत गेला होता. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग उकळत्या पाण्याचा आवाज, मग त्या बाजूनं बोलणारी माणसं. कानाच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं की बाहेरच्या यंत्रानं भागणार नाही, ऑपरेशन करून आत बसवावं लागेल, आणि त्याला साडेचार लाख पडतील. "उजवा सांभाळा," असंही तो म्हणाला होता, जणू ती तो कुठेतरी विसरून येणार होती. ती घरी आली आणि तिनं कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला संशय येण्याचं कारणच नव्हतं. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर बायको हाकेला ओ देत नाही, यात त्याला काही वेगळं वाटत नव्हतं. ऑफिसात ती हेडफोन दोन्ही कानांवर घालायची आणि एकानं ऐकायची. ऑफिसच्या मालकीणबाईंनी मागे एका जुन्या माणसाला कमी ऐकू येतं म्हणून गोड बोलून घरी बसवलं होतं. त्या माणसाची खुर्ची अजून तिच्या टेबलाच्या पलीकडे रिकामी होती.

पैशांचं सोडा, मामीला ऐकायला आवडायचं. हे तिनं कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते, कारण दिवसभर तिच्या कानात जे ओतलं जायचं त्यात ऐकण्यासारखं फारसं काही नसायचं. पण माणूस खोटं बोलायच्या आधी श्वास कसा घेतो, बायको नवऱ्याचं नाव सांगताना कुठे थांबते, हे तिला कळायचं आणि कळलं की आतून आनंद व्हायचा. तो आनंद हातातून जाणार म्हणून ती घाबरली होती. नोकरी जाण्याची भीती त्याच्या नंतर येत होती.

रविवारी दुपारी नवरा जेवून आडवा झाल्यावर तिनं वही घेतली, फोन उजव्या कानाला लावला आणि ग्रुपमधले सरकारचे तीन वर्षांतले आवाज पहिल्यापासून ऐकायला सुरुवात केली. तीनशे सदतीस निघाले. वहीच्या पानावर तिनं मधोमध रेघ मारली. एका बाजूला सरकारचा एकट्याचा 'आपण', दुसऱ्या बाजूला सगळ्यांचा.

सुरुवातीला तिला वाटलं की निकाल सरळ आहे. "आपण आज येणार नाही, पाय मुरगळलाय." एकटा. "आपल्याला बहिणीकडे जेवायला थांबावं लागलं." एकटा. हा माणूस बहिणीच्या घरी, बैठकीच्या खोलीतल्या पलंगावर झोपायचा, सकाळी पाहुणे आले की पलंगाचा सोफा करायचा, आणि वीस लाखांत त्याला स्वतःचं दार असलेली एक खोली हवी होती. हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं, पण त्याच्या आवाजामागून येणाऱ्या भाच्यांच्या भांडणांवरून आणि टीव्हीवरून तिला ते कळत होतं. एका संदेशात त्यानं वाक्य मध्येच थांबवून कोणालातरी म्हटलं होतं, "बसा ना, बसा, उठतो." तिथे मामीनं पेन खाली ठेवलं आणि तेवढं पुन्हा ऐकलं.

डावीकडचा रकाना भरत गेला. मग ती तिकिटांच्या संदेशांपाशी आली.

दर सोमवारी एकच वाक्य, थोड्या फार फरकानं. "आपण काढलंय." "आपलं काढून झालं." हे सगळे चौघांचे होते, त्यात वाद नव्हता. पण दोन संदेश वेगळे निघाले. एक दोन वर्षांपूर्वीचा: "आपलं काढलंय. शिवाय मी एक माझं वेगळं घेतलंय, त्यात तुमचा वाटा नाही, आधीच सांगून ठेवतो." दुसरा मागच्या वर्षीचा, तसाच. तिनं ते तीन-तीनदा ऐकले. जगातल्या बाकी कुठल्याही गोष्टीत हा माणूस स्वतःला 'आपण' म्हणत होता. तिकीट एकट्याचं असलं की मात्र 'मी' म्हणत होता, आणि न विसरता.

म्हणजे कंसात 'सगळे'.

मामी इतकी खूश झाली की उठून उभी राहिली. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली, परत आली आणि वहीकडे बघून तिला धास्ती वाटली. हे खरंच ऐकू आलं, की आपल्याला हवंय म्हणून ऐकू आलं? दुसऱ्या कोणाचा कागद असता तर तिनं डोळे मिटून कंस भरला असता. इथे उत्तरासोबत एक नवा कान मिळत होता. तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकलं. उत्तर तेच आलं. त्यामुळे तर ती जास्तच घाबरली.

मंगळवारी ती पाणी भरून घेत असताना सरकार तिच्याजवळ आला. उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"काही लागलं का हाताला?"

"ऐकतेय अजून."

"ऐका, ऐका." तो इकडेतिकडे बघत हळू म्हणाला, "तुमच्या कानावर माझा पूर्ण भरवसा आहे, मामी."

एवढं बोलून तो गेला. मामीच्या हातातली बाटली भरून वाहायला लागली. कानावर? लोक माणसावर भरवसा ठेवतात, शब्दावर ठेवतात. याला कळलं होतं का? आणि 'माझा' का म्हणाला? मनाविरुद्ध कंस आला तर हा मालकीणबाईंकडे जाईल का? दोन दिवस तिनं हा एवढासा संवाद मनात शंभर वेळा मागं-पुढं केला. त्या आवाजात धमकी होती की नव्हती, हे तिला ठरवता येईना. हजारो लोकांचे श्वास ओळखणाऱ्या बाईला शेजारच्या माणसाचं एक वाक्य लागत नव्हतं.

शुक्रवारी मालकीणबाई बाहेर गेल्या होत्या. डबे खाऊन झाले. मामीनं मोकळ्या कंसाचा तो कागद छापून टेबलावर ठेवला, वही त्याच्या शेजारी ठेवली. तिघं खुर्च्या ओढून बसली.

"आधी एक ऐका," ती म्हणाली. आवाज जरा मोठा लागला, म्हणून तिनं तो खाली आणला. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. ऑपरेशनला साडेचार लाख लागणार आहेत, ते माझ्याकडे नाहीत. हे घरीसुद्धा माहीत नाही."

तिनं वही उघडून त्यांच्या पुढे सरकवली.

"आता कंसाचं. कंसात 'सगळे' येतं. यात तीनशे सदतीस आवाज आहेत, कुठला शब्द कुठे ते सगळं लिहिलंय, ते दोन वेगळ्या तिकिटांचेही आहेत. पण हे लिहिणाऱ्या बाईला पैसे हवेत आणि तिला एका कानानं ऐकू येत नाही. तेव्हा मानायचं की नाही, तुम्ही ठरवा. मालकीणबाईंना सांगायचं असेल तर मीच सांगेन." आणि मग, न राहवून, "एवढं मात्र म्हणेन, कान गेला तरी काम बिघडू दिलेलं नाही. वर्षभरात माझ्या एकाही कागदावर 'अस्पष्ट' आलेलं नाही."

ऐकू न आलेल्या शब्दाच्या जागी त्यांना कंसात 'अस्पष्ट' असं लिहावं लागे. मामीला तो शब्द टाइप करण्यापेक्षा उपाशी राहणं परवडलं असतं.

धाकटीनं मास्तरांकडे बघितलं. मास्तर चष्मा पुसत राहिले. सरकार नखानं टेबलावरचा एक डाग खरवडत होता.

"आपल्याला माहीत होतं, मामी," तो म्हणाला.

निकाल लागल्यापासून हा शब्द तिनं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आणि कामाच्या सवयीनं, दुसरं काही सुचायच्या आत, तिच्या तोंडून निघून गेलं:

"आपल्याला म्हणजे कोणाला?"

सरकारनं धाकटीकडे बघितलं. मग धाकटी म्हणाली, "डावीकडून हाक मारली की तुम्ही ओ देत नाही, हे लक्षात आल्यापासून सकाळी रेकॉर्डिंग आली की सरकार सगळी थोडी थोडी ऐकून बघतात. घरघर असली, दोघं एकदम बोलत असले, कोणी तोंडातल्या तोंडात बोलत असलं, की ती तुमच्याकडे येत नाहीत. आम्ही तिघं वाटून घेतो." तिनं मास्तरांकडे हात केला. "मास्तरांनी या महिन्यात एकवीस वेळा 'अस्पष्ट' लिहिलंय. मालकीणबाई त्यांना बोलल्यासुद्धा."

"बावीस," मास्तर म्हणाले.

मामीला लाज वाटली. वर्षभर आपल्या एका कानावर ती किती खूश होती! रोज संध्याकाळी पायऱ्या उतरताना मनातल्या मनात त्याची पाठ थोपटत होती. तिचे कान लाल झाले, चांगला आणि वाईट दोन्ही. आणि त्याच वेळी तिला फार बरंही वाटलं.

"पण सरकार," मास्तरांना राहवलं नाही, "तिथे 'आम्हाला माहीत होतं' असं हवं. 'आपल्याला' म्हटलं की ऐकणारा धरावा लागतो. मामी त्यात येत नाहीत."

"का येत नाहीत?" सरकार म्हणाला. "त्यांना माहीत नव्हतं का?"

धाकटी आधी हसली. मग मास्तरांनी, शाळेत हरल्यावर मान डोलवावी तशी मान डोलवली. मामी हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

सरकार हसला नाही. त्यानं वही जवळ ओढली, स्वतःची तीन वर्षं वरून खालपर्यंत वाचली, एका ओळीवर बोट ठेवून थांबला, पण ती कुठली हे सांगितलं नाही.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "दुकानासमोर उभं राहून बोललो तेव्हा कोण कोण, हे मनातच नव्हतं. मोजायला लागलो ते आकडा कळल्यावर."

त्यानं पाकीट काढलं. तिकीट त्यातून बाहेर यायला वेळ लागला. ते त्यानं टेबलावर सपाट केलं आणि त्याकडे बराच वेळ बघत बसला. त्याला तिथे काय दिसत होतं हे मामीला माहीत होतं. म्हणून तिनं नजर दुसरीकडे वळवली. कोणी घाई केली नाही.

मग त्यानं तिकीट उलटं केलं, आपली सही अगदी कोपऱ्यात केली आणि पेन मामीच्या उजव्या हाताशी ठेवलं.

"मागे जागा फार कमी आहे," तो म्हणाला. "सह्या बारीक करा."